पटकथा तपासून हवी: गुडघ्याखाली पाय गेलेला द्राक्षबागायतदार, एका वर्षात काय काय होतं?

मळ्यातला_लेखक (तासगाव)

नमस्कार मंडळी. पावणेदोन तासांच्या मराठी चित्रपटाची पटकथा चालू आहे. नायक तासगाव तालुक्यातला, वय २८, दीड एकर द्राक्षबाग. १० ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी घेतलेली. नोव्हेंबरच्या मध्यात, ऊस वाहतूक सुरू झाल्यावर, रात्री मोटारसायकलवरून घरी येताना रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीवर आदळतो. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागतो. पुढचा सगळा चित्रपट हा माणूस परत कसा उभा राहतो त्याचा.

आत्ताचा आराखडा असा: दहाव्या मिनिटाला अपघात. डॉक्टर बाहेर येऊन ‘पाय काढावा लागेल’ म्हणतात. महिन्याभरात कृत्रिम पाय. मध्यंतरानंतर एका गाण्यात चालायला शिकतो. माल उतरायच्या वेळी ट्रॅक्टर चालवतो. कोर्टात नुकसानभरपाई मिळते, कर्ज फिटतं. निर्माते खूश आहेत, मला मात्र हे सगळं फार सरळ वाटतंय. कुठं कुठं खोटं आहे ते सांगा. शिवाय आमच्या नटाला दोन्ही पाय आहेत आणि व्हीएफएक्ससाठी (संगणकावर चित्र बदलण्यासाठी) पैसे बेताचे आहेत, त्याचंही बघा.

फिजिओ_मिरज

महिन्याचे तीन महिने करा. अर्धी दुरुस्ती तिथंच होईल.

आधी दवाखाना. डॉक्टर एकदाच बाहेर येऊन निकाल सांगतात हे नाटकात शोभतं. अशा जखमेत नडगीची दोन्ही हाडं उघडी पडलेली असतात, स्नायू चिरडलेले असतात आणि मुख्य प्रश्न असतो रक्तवाहिनीचा: पाऊल गार, पांढरं, घोट्याशी नाडी लागत नाही. रक्तपुरवठा बंद होऊन सहा तास उलटले की स्नायू वाचायची आशा झपाट्यानं कमी होते. म्हणजे तुमच्या पटकथेतलं घड्याळ अपघाताच्या जागेपासून सुरू व्हायला हवं: १०८ ला फोन कधी गेला, जखमेच्या वर पट्टा कुणी आणि किती वाजता बांधला, तालुक्याच्या दवाखान्यात किती वेळ गेला, मिरजेला किती वाजता पोचले. संमतीच्या कागदावर सही कोण करतं, हा प्रसंग ‘पाय काढावा लागेल’पेक्षा मोठा आहे. रुग्ण शुद्धीवर असेल तर सही त्याचीच घेतात. तुमच्या नायकाला स्वतःच सही करू द्या.

पहिल्या रात्री जखम शिवून बंद करत नाहीत. मेलेलं काढतात आणि उघडी ठेवतात, दोन-तीन दिवसांनी परत थिएटरात नेऊन बघतात, सगळं स्वच्छ असेल तेव्हाच बंद करतात. म्हणजे निदान दोन ऑपरेशनं. टाके निघतात त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. तुमच्या हिशेबानं डिसेंबरचा मध्य.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: उशी. घरची माणसं मायेनं उरलेल्या पायाखाली उशी ठेवतात. त्यानं बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडायला लागतो, आणि आखडलेल्या गुडघ्याला कृत्रिम पाय नीट बसत नाही. गुडघा सरळच हवा. खुर्चीत बसतानाही खाली फळी घालून सरळ. दिवसातून दोन-तीनदा वीसेक मिनिटं पालथं झोपायचं, नाहीतर खुबाही आखडतो. आईनं उशी ठेवायची आणि बायकोनं काढायची, यात तुम्हाला सासू-सुनेचा अख्खा प्रसंग आयता मिळतो, एकही संवाद न लिहिता.

उरलेल्या पायावर इलॅस्टिक पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी गुंडाळतात, गोल गोल नाही. टोकाशी घट्ट, वर जाताना सैल. उलटं झालं तर टोक सुजून फुगतं. दर चार-सहा तासांनी सोडून परत बांधायची. नट हे शिकू शकतो, आणि हाताला सवय झालेली पडद्यावर लगेच दिसते.

नसलेला पाय दुखतो, त्याला किंचाळणं लिहू नका. बहुतेक वेळा रात्री बोटं पिळल्यासारखी वाटतात, तळव्याला करंट बसतो, टाचेला खाज येते आणि खाजवायला टाच नसते. दिवसा माणूस बोलता बोलता मध्येच थांबतो. आरशाचा उपचार खरा आहे, डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी तो १९९० च्या दशकात मांडला. कपाटाचा लांब आरसा दोन्ही पायांच्या मधे आडवा धरायचा, चांगला पाय हलवायचा आणि आरशात बघायचं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, त्यामुळं चमत्कार दाखवू नका.

आणि एक पडणं हवंच. पहिल्या दोन-तीन महिन्यांत माणूस अर्धवट झोपेत लघवीला उठतो आणि नसलेल्या पायावर उभा राहतो. टाके त्यातच उसवतात.

चालण्याचा क्रम: दोन समांतर दांड्यांमध्ये, मग वॉकर, मग कुबड्या, मग काठी. काठी उजव्या हातात, म्हणजे गेलेल्या पायाच्या विरुद्ध बाजूला. निम्म्या चित्रपटांत ती चुकीच्या हातात असते. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी खोटा.

वाटी_ते_पाऊल (सांगली, कृत्रिम अवयव)

वरच्या उत्तराशी सहमत. पुढचं माझ्या कामातलं.

लोकांना वाटतं पाय म्हणजे पाऊल. आमचं ऐंशी टक्के डोकं सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कवचात, जातं. गुडघ्याखाली १२ ते १५ सेंमी स्टंप (उरलेला पाय) मिळाला तर काम छान होतं. शिवण बहुतेक वेळा पुढच्या बाजूला खालच्या टोकाजवळ येते, कारण पोटरीचं मांस मागून पुढं आणून शिवतात. मेकअपवाल्यांना हे सांगा, नाहीतर बरोबर मध्यभागी टाके काढून ठेवतील. स्टंपच्या टोकावर वजन घ्यायचं नसतं. वजन येतं गुडघ्याच्या वाटीखाली जो जाड पट्टा लागतो त्यावर आणि नडगीच्या बाजूंवर. पाय टेकला की टोकाला कळ येऊन ओरडणारा नट आमच्या लेखी सॉकेट बिघडलेला रुग्ण आहे.

माप घेतानाचा प्रसंग छान दिसेल. स्टंपवर पातळ मोजा चढवतात, हाडाच्या उंच जागा पेन्सिलीनं खुणावतात, ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात, आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरतात. ते कवच काढलं की त्यात प्लास्टर ओतून पायाचा साचा मिळतो. मग जिथं वजन घ्यायचं तिथं साचा घासतात आणि जिथं हाड टोचेल तिथं, म्हणजे गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाचं गोल टोक आणि नडगीचं खालचं टोक, प्लास्टर वाढवतात. हे घासणं-वाढवणं म्हणजेच आमची कला. त्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढून सॉकेट करतात.

तुमच्या गोष्टीत माप जानेवारी अखेर, पहिला पाय फेब्रुवारीत. त्याआधी जखम पूर्ण भरलेली आणि सूज बऱ्यापैकी उतरलेली हवी. शिबिरात माप ते पाय एक-दोन दिवसांत होतं, ते खरं आहे. जयपूर फूट १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी बनवला आणि जयपूरची संस्था १९७५ पासून तो मोफत देते. पण पाय पटकन मिळाला म्हणून स्टंप थांबत नाही. तो पुढं वर्षभर आक्रसत राहतो. सकाळी घट्ट बसलेला पाय दुपारी सैल होतो. मग मोजे वाढवायचे: एक पदरी, तीन पदरी, पाच पदरी. मोज्यांचा थर दहा-पंधरा पदरांवर गेला की सॉकेट बदलायचं. तुमच्या नायकाचं पहिलं सॉकेट पावसाळ्यात किंवा गणपतीच्या आसपास निकामी व्हायला हवं. चित्रपटाचा दुसरा अर्धा तिथं आहे असं माझं मत. उभं राहिलेला माणूस परत कुबड्यांवर येतो, आणि यात दोष कुणाचाच नसतो.

पहिल्या दिवशी अर्धा तास घालायचा, काढायचा, कातडी बघायची. लाली पंधरा-वीस मिनिटांत गेली तर ठीक. नाही गेली तर पाय घालायचा नाही, दुरुस्तीला आणायचा. लोक तेल लावतात, पावडर मारतात, केस काढतात. तिन्ही चूक. केसतोडा झाला की आठवडा बसून. तासगावच्या एप्रिलमध्ये घामानं मोजा भिजतो, दुपारी पाय काढून पुसायचा आणि मोजा बदलायचा. हे दिसू द्या.

आणखी एक बारकावा. साध्या कडक पावलाची टाच ठरावीक उंचीच्या बुटासाठी लावलेली असते. बूट काढून सपाट चप्पल घातली की माणूस मागं ढकलला जातो, जास्त टाचेचा बूट घातला की गुडघा पुढं लवतो. जयपूर पावलावर अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते. शेतकरी ते मागतो ते त्यासाठीच.

कॅन्टीन_समोर (सातारा)

शेवटी धावायची ब्लेड लावून स्पर्धा जिंकू द्या की! सांगली जिल्ह्यात उदाहरणंही आहेत. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला हायडलबर्गला पोहण्यात सुवर्ण. करगणीचे सचिन खिलारी, २०२४ ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्य.

फिजिओ_मिरज

दोघेही मोठे, पण दोघांचेही पाय कापलेले नव्हते. पेटकरांच्या मणक्याला इजा होती, खिलारींचा हात. ब्लेडचं म्हणाल तर ती धावण्यापुरती असते, तिला टाच नसते, त्यामुळं ती लावून माणूस एका जागी निवांत उभासुद्धा राहू शकत नाही. बागेत तिचा काय उपयोग?

मळ्यातला_लेखक

ब्लेड नको, दादा. नायकाला बागेतच ठेवायचंय. पावसाळ्यात सॉकेट सैल होण्याची कल्पना घेतली, निर्मात्याला कळवलं, तो गप्प आहे. आता बाग आणि ट्रॅक्टरचं कोणी सांगेल का? कायद्याचं पण.

मांडववाला (कवठेमहांकाळ)

तारखा चांगल्या धरल्यात. १० ऑक्टोबरची छाटणी म्हणजे अपघात पस्तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी, बाग फुलोऱ्यात. तेव्हा एक ढगाळ रात्र आणि पहाटेचं धुकं आलं की डावणी (बुरशीचा रोग) घडावर उतरते, फवारणी एक दिवस चुकली तरी हिशेब संपला. म्हणजे हा आयसीयूत आणि बागेला त्याच दिवशी माणूस पाहिजे. पुढं विरळणी, जीएचं डिपिंग (मणी वाढायला घड संजीवकात बुडवणं), सगळं मजुरांवर आणि बायकोच्या जिवावर. माल तयार होतो फेब्रुवारीच्या मध्यात, नेमका पहिला पाय मिळतो तेव्हा. मग हा ट्रॅक्टर चालवत नाही, बांधावर खुर्ची टाकून क्रेट मोजतो. व्यापाऱ्यानं भाव पाडला तर बायको माल बेदाण्याला घालेल. चार किलो द्राक्षाला किलोभर बेदाणा धरा, शेडमध्ये रॅकवर पंधरा-वीस दिवस. पैसे लांबतात, पण व्यापाऱ्याच्या दारात जायला लागत नाही. एप्रिलला खरड छाटणी, तेव्हा हा काठी घेऊन बागेत फिरेल. आणि पुढच्या ऑक्टोबरच्या छाटणीला चित्रपट संपवा, वर्ष आपोआप पुरं होतं.

बागेत चालणं म्हणजे सिमेंटचा रस्ता नव्हे. मांडवाखाली वाकून चालायचं, खाली ठिबकच्या नळ्या, नांगरटीची ढेकळं, पावसात चिकट काळी माती. खोटं पाऊल नळीत अडकलं तर त्याला कळत नाही, कारण पावलाला स्पर्शच नाही. तो पडल्यावर त्याला कळतं.

ट्रॅक्टर: क्लच डाव्या पायाला, ब्रेक उजव्या. डावा पाय गेला म्हणजे नेमका क्लच गेला. पूर्ण दाबणं जमतं, मांडीचा जोर असतो. जमत नाही ते अर्ध्यावर धरणं, कारण घोटा नाही आणि पेडल कुठवर आलंय हे कळत नाही. ट्रॅक्टर झटका देऊन उडतो. पाऊल पेडलवरून घसरतं तो वेगळा धोका. उपाय म्हणून क्लचला हातानं ओढायचा दांडा बसवून घेता येतो. पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) ब्लोअर, म्हणजे फवारणीयंत्र, फिरत असताना सैल पँट नको, नटालासुद्धा. मोटारसायकलचा गिअरही डाव्या पायालाच, म्हणून हा माणूस परत दुचाकीवर आला तर बिनगिअरच्या गाडीवर येईल. सुरुवातीला बाजूला जादा चाकं लावलेली गाडी दाखवा, गावोगाव दिसते.

दावा_अर्ज (सांगली कोर्ट)

एका वर्षाच्या कथेत निकाल येत नाही. मोटार अपघात दावा चालायला वर्षं लागतात. तुमच्या वर्षात बसतं ते एवढं: फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, दावा दाखल करणं, अपंगत्वाचा दाखला. पंचनाम्यावर सगळा दावा उभा राहतो. ट्रॉलीला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, ती रस्त्यावर किती आत होती, हे त्यात लिहिलंय का? सकाळपर्यंत ट्रॉली हलवली असेल तर कुणी फोटो काढलाय का? विमा कंपनीचा वकील म्हणणार, मागून धडकला म्हणजे चूक याचीच. मग दोष वाटला जातो आणि तेवढे टक्के रकमेतून कापले जातात. शिवाय ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, हा वाद ठरलेला. दाव्याची मुदत कायद्यात सहा महिन्यांची आली आहे, त्यामुळं मे महिना उजाडायच्या आत कागद दाखल करून टाका.

हिशेबाची पद्धत दाखवायची तर असा संवाद लिहा. महिना १५,००० उत्पन्न धरलं, चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र व्यवसायवाल्याला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले, झाले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वय २८ ला गुणक १७. झाले ४२,८४,०००. कमाईची क्षमता ६० टक्के गेली असं धरलं तर २५,७०,४००. मृत्यूच्या दाव्यात मयताचा स्वतःचा खर्च वजा करतात, जखमीच्या दाव्यात करत नाहीत. पटकथा लिहिणारे हमखास एक तृतीयांश कापतात. उपचार, वेदना आणि पुढं बदलाव्या लागणाऱ्या पायांचा खर्च वेगळा मागायचा.

दाखल्यावर गुडघ्याखालच्या अंगच्छेदाला साधारण ६० ते ७० टक्के लिहितात. ते कमाईच्या नुकसानीचे टक्के नव्हेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन्हीतला फरक स्पष्ट केला आहे: या माणसाच्या या धंद्यावर परिणाम किती, ते बघायचं. विमा कंपनी म्हणेल, जमीन आहे तिथंच आहे, उत्पन्न कुठं बुडालं? त्याला उत्तर म्हणून बायकोची साक्ष घाला: आधी तो स्वतः करायचा त्यातल्या कोणत्या कामाला आता रोजचे किती मोजते. वहीसकट. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) निघतं, पण त्याच्या रांगेचा प्रसंग मात्र आवरा, तो प्रत्येक चित्रपटात असतो.

तिपाई (विटा, छायाचित्रण)

आता फसवणुकीचं बघू. मांडीपासून पाय नाही असं दाखवायला पाय मागं दुमडून बांधतात. गुडघ्याखाली पाय गेलेला असेल तर ती युक्ती चालत नाही, कारण गुडघा दिसायला आणि वाकायला हवा. म्हणून शॉट तीन गठ्ठ्यांत वाटा.

पँटमधला कृत्रिम पाय: बहुतेक शॉट हेच ठेवा, खर्च जवळजवळ शून्य. नटाच्या डाव्या बुटात घोटा लॉक करणारी प्लास्टिकची पट्टी घाला, पाय वर न उचलता येणाऱ्या रुग्णांना देतात तसली, पण कडक. घोटा हलला नाही की पंजानं ढकलता येत नाही आणि चाल आपोआप बदलते. बुटात खडा घालायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. त्यानं दुखरी चाल येते, आणि सवय झालेल्या माणसाची चाल दुखरी नसते.

पलंगावरचे शॉट: गादीला आणि फळीला भोक पाडा, नडगी खाली सोडा, वर सिलिकॉनचा स्टंप आणि पट्टी. चादरीच्या घड्यांत सांधा लपतो. स्टंपचा साचा नटाच्याच गुडघ्यावरून घ्या, म्हणजे कातडीचा रंग आणि केस जुळवता येतात.

उघडा स्टंप हलताना: मोजके शॉट, व्हीएफएक्स. नडगीवर मोजा घालायचा, पण हिरवा नाही, निळा. बागेत सगळं हिरवं आहे, संगणकाला पाय आणि पान वेगळं कळणार नाही. मग त्या दिवशी कुणाच्या अंगावर निळा शर्ट नको, मागं निळे क्रेट नकोत, निळी ताडपत्री नको. कॅमेरा तिपाईवर घट्ट, आणि प्रत्येक टेकनंतर त्याच उजेडात नटाशिवाय रिकामी चौकट घ्यायची. पानांची सावली हलते, म्हणून मांडवाखाली असे शॉट घेऊच नका, ओसरीवर घ्या. नडगीची सावलीही पुसावी लागते, हे एडिटच्या टेबलावर आठवून उपयोग नाही.

आणि डावी मांडी. दोन-तीन आठवड्यांत ती दिसण्याइतकी बारीक होते, नटाची होणार नाही. दोन्ही मांड्या एका चौकटीत उघड्या दाखवू नका.

मळ्यातला_लेखक

सगळ्यांचे आभार. आराखडा परत मांडतोय, छाटणी ते छाटणी. तिपाईदादा, एक शेवटचं: खरोखर गुडघ्याखाली पाय नसलेला एक जण डबल म्हणून काम करायला तयार आहे, पण त्याचा उजवा पाय गेलाय. शॉट आडवा उलटवला तर?

तिपाई (विटा, छायाचित्रण)

उलटवता येतो, आणि व्हीएफएक्सपेक्षा खूपच स्वस्त पडतो. फक्त त्या शॉटमध्ये अक्षर नको: पाटी, नंबरप्लेट, क्रेटवरचं नाव, काहीच नाही. घड्याळ दुसऱ्या मनगटावर, भांग उलटा, काठी डाव्या हातात द्यायची. पुरुषी शर्टाची बटणपट्टी उलटी दिसते, म्हणून त्याच कापडाचा बायकी बाजूच्या बटणांचा एक शर्ट शिवून घ्या किंवा बनियनवर ठेवा. त्याला कामाचे पैसे डबलच्या दरानं द्या आणि शूटच्या वेळापत्रकात दर दोन तासांनी पाय काढून बसायची सवड ठेवा. ट्रॅक्टरवरचा शॉट मात्र उलटवू नका, तासगावातल्या प्रेक्षकाला क्लच उजवीकडं गेलेला लगेच दिसेल.

वाटी_ते_पाऊल (सांगली, कृत्रिम अवयव)

डबलचा पाय आणि नटाला दिलेला पाय एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा घ्या. जयपूर पावलाला बोटं असतात आणि ती डावी-उजवी वेगळी असतात. उलटवल्यावर जुळतील, पण क्लोजअपसाठी नटाकडं डावंच पाऊल हवं. ऑर्डर देताना बाजू लिहून द्या.